पाण्याखालच्या ओळखी

गोझो हे नाव आमच्या नात्यात कुणीच ऐकलेलं नव्हतं. माल्टा म्हटलं तर एखाद्याला संत्र्याची जात आठवायची. मग नकाशा काढून दाखवावा लागे. हा इटलीचा बूट, हे त्याच्या टोकाला सिसिली, त्याच्याखाली भूमध्य समुद्रात जे दोन-तीन ठिपके दिसतात तो माल्टा देश, आणि त्यातला मधला ठिपका म्हणजे गोझो. नाही, मधला नव्हे. मधला कोमिनो, तो अगदीच एवढासा. वायव्येचा तो गोझो. लांबी १४ किलोमीटर, रुंदी सात. आपल्याकडचा एखादा तालुकाही याहून मोठा असतो.

"तिथं काय आहे?" हा पुढचा प्रश्न. आम्ही म्हणायचो, गुहा आहेत. "बघायला?" हो, पण पाण्याखाली जाऊन. इथं बोलणं थांबायचं.

थांबायला कारणही होतं. आमचं नवरा-बायकोचं नातं लग्नाआधी चुलत भावंडांचं, त्यामुळं आजोबा दोघांचे एकच. ते बोटीवर खलाशी होते. रत्नागिरीकडच्या बऱ्याच मुसलमान घरांतून त्या काळी एकतरी माणूस बोटीवर असे, तसेच आमचे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं जहाज बुडालं. कुठं, ते घरात कुणाला नीट माहीत नाही. "परदेशी पाण्यात" एवढंच दादी सांगायच्या. मय्यत आली नाही, कब्र नाही. मागं दोन लहान मुलगे राहिले. ते आमच्या दोघांचे वडील. बुडून गेलेल्याला शहिदाचा दर्जा आहे ही हदीस दादींना कुणीतरी सांगितली होती आणि त्यावर त्यांनी उरलेलं सगळं आयुष्य काढलं. पण नातवंडांना खाडीत गुडघ्याच्या वर उतरायची परवानगी नव्हती. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढून आम्हा दोघांनाही तिशीपर्यंत पोहता येत नव्हतं.

पोहायला शिकलो ते आखातातल्या नोकरीत. तिथंच स्कूबाचा पहिला कोर्स केला, मग ३० मीटरपर्यंत जाता येतं तो पुढचा. त्याआधी एका सुट्टीत मालवणला सिंधुदुर्गाजवळच्या खडपांत हात धरून नेतात तसं जाऊन आलो होतो. ते एकदा बघितल्यावर राहवलं नाही. दादी तेव्हा हयात नव्हत्या. त्या असत्या तर हा लेखच झाला नसता.

गोझोला जायला आधी माल्टाच्या मोठ्या बेटावर उतरायचं, बसने उत्तरेच्या टोकाला चिर्केव्वा या धक्क्यावर यायचं आणि फेरीबोट पकडायची. २५ मिनिटांत पलीकडे. पलीकडच्या बंदराचं नाव इमजार. आम्ही ऑक्टोबरात गेलो. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा अजून २३-२४ अंश असतं आणि गर्दी ओसरलेली असते. पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर बसून राहिलो, तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते उशिरा लक्षात आलं. ओहोटीच लागत नव्हती. भूमध्य समुद्राला इथं भरती-ओहोटी जवळपास नाहीच, वीतभर पाणी वर-खाली होतं. आपल्याकडे होडी कधी काढायची, कालवं कधी फोडायची, सगळं भरती विचारून. आणि इथं समुद्र आपला खडकाला टेकून बसलेला, टाकीत भरल्यासारखा.

पाणी मात्र असं स्वच्छ आम्ही आखातातही पाहिलं नाही. नद्या नाहीत, गाळ नाही. चुनखडीचे कडे सरळ पाण्यात उतरतात आणि उतरतच जातात. चांगल्या दिवशी पाण्याखाली ३० मीटरपर्यंतचं दिसतं. रीफ म्हटल्यावर लाल समुद्रातली रंगीत प्रवाळं डोळ्यांपुढे येतात, तसं इथं नाही. इथली रीफ म्हणजे खडप. मोठमोठे चुनखडीचे धोंडे, त्यांवर शेवाळ, फटींत ऑक्टोपस, वामेसारखा तोंड उघडं टाकून बसलेला मोरे, आणि कपारीत एखादा हेकरूच्या कुळातला भारदस्त मासा. मधेमधे पोसिडोनियाची हिरवी कुरणं. ते शेवाळ नव्हे, फुलणारी, फळणारी वनस्पती आहे. वाढ इतकी सावकाश की नांगराने उपटलेला तुकडा भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

आम्हाला घेऊन जाणारा गाइड तिथलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पण जे बोलायचा त्यात दर वाक्याला एक शब्द असायचा : "मेला." पाण्यात उतरण्याआधी टाकी तपासली, "मेला." पट्टा ओढून बघितला, "मेला." आमच्याकडे पाहून मान हलवली, "मेला!" मराठी माणसाने ३० मीटर खोल जाण्याआधी हे किती वेळा ऐकावं? दुसऱ्या दिवशी न राहवून विचारलं. माल्टी भाषेत मेला म्हणजे "तर मग", "चला". आपल्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो ते सांगितलं, तेव्हा तो खडकावर बसून हसला. नंतर आठवडाभर हा शब्द आला की आधी आमच्याकडे बघून हात जोडायचा.

पण बाकीचे शब्द वेगळेच निघाले. पहिल्याच दिवशी त्याने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, इथं एक मोठी आर आहे. आर म्हणजे गुहा. लिहून दाखव म्हटलं, तर त्याने लिहिलं त्यात आरंभी दोन अक्षरं जादा होती, जी आता कुणी उच्चारत नाही. ती म्हणजे "ग़ैन". म्हणजे गार. गारे-हिरामधला गार, गारे-सौरमधला गार! आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग तो नकाशा पुढ्यात घेऊन आम्ही अर्धा तास बसलो. समुद्राला बहर. वाळूला रमल. ज्या किनाऱ्याची वाळू तांबूस आहे त्याचं नाव रमला. दरीला वीद, म्हणजे वादी. डोक्याला आणि भूशिराला रास, रोटीला होब्झ, आणि डायव्हिंगची एक जागा आहे तिचं नावच रास इल-होब्झ. शत्त-अल-अरबमधला शत्त आणि बहरे-अहमरमधला अहमर जोडून एक कोव आहे, शत्त लाहमर, तांबडा किनारा. शुक्रवारला जिमा. दुनियेला दिन्या. अल्लाहला अल्ला.

हो, अल्ला. माल्टी लोक कॅथलिक आहेत, गोझोत तर गावागावाला मोठालं चर्च आहे, आणि त्या चर्चमध्ये प्रार्थना होते ती अल्लाची. ईस्टरच्या आधीचे त्यांचे ४० दिवसांचे उपवास, त्यांना ते रंदान म्हणतात. रमजानवरून. ईस्टरचं नाव ईदवरून. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत अरबीच्या कुळातली ही एकच, आणि लिहितात ती रोमन लिपीत. सन ८७० मध्ये अरबांनी ही बेटं घेतली. पुढं नॉर्मन ख्रिस्ती राजे आले तरी मुसलमान आणखी शंभर-दीडशे वर्षं इथं नांदत होते. तेराव्या शतकात त्यांना जावं लागलं किंवा धर्म सोडावा लागला. माणसं गेली, मशिदी गेल्या. समुद्र, वाळू, गुहा, भाकरी यांची नावं मात्र बदलायला कुणाला सवड झाली नाही.

स्कूबात सगळ्यांत आधी शिकवतात ती गोष्ट म्हणजे श्वास रोखायचा नाही. कधीच नाही. दहा मीटर खाली गेलं की दाब वरच्या दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट, तीसवर चौपट. टाकीतली हवाही त्या हिशेबाने संपते. खालून श्वास कोंडून वर आलं तर छातीतली हवा फुगत जाते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून वर यायचं ते सावकाश, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून, श्वास घेत, सोडत. आमच्या गाइडने या नियमासाठी वापरलेला माल्टी शब्द "निफ्स". श्वास. नफस. हा शब्द मात्र आम्ही त्याला समजावून मागितला नाही.

कपड्यांचा प्रश्न काही वाचक भगिनींच्या मनात आला असेल, त्याचं उत्तर देऊन टाकतो. वेटसूट अंगाला घट्ट बसतो, हे खरं. त्यावर गुडघ्यापर्यंत येणारा सैल, पोहण्याच्या कापडाचा कुडता शिवून नेला होता. पाण्यात तो अडचण करत नाही, फक्त वजन थोडं वाढवावं लागतं. (तसंही इथलं पाणी जास्त खारट, माणूस तरंगतो, म्हणून कमरेला शिसं जास्त लागतंच.) डोक्याचा प्रश्न नव्हता. गारठा लागू नये म्हणून निओप्रीनची टोपी बायका-पुरुष सगळेच घालतात, हनुवटीपर्यंत. बोटीवर त्या दिवशी आठ माणसं होती आणि आठही हिजाबात. नमाजचं म्हणाल तर मुसाफिर म्हणून कसर होती, समुद्राचं पाणी पाक असल्याने वुजूची अडचण नाही, आणि कड्यावरचे सपाट खडक असे की जानमाज अंथरावी आणि किब्ल्याकडे तोंड करून उभं राहावं, समोर मोकळा समुद्र. खाण्यातही आमचं निभावलं. बेटाची खासियत म्हणजे सशाचं मटण, ते सोडून दिलं. पण आम्ही कोकणी, म्हणजे शाफई. समुद्रातलं सगळं आम्हाला चालतं. ऑक्टोपसचा रस्सा आम्ही दोनदा मागवला. बोटीवर लखनौचं एक कुटुंब भेटलं होतं, ते हनफी. ते बिचारे मासळी आणि भाकरीवर होते आणि आमच्या ताटाकडे बघत होते.

आता द्वेरा. बेटाच्या पश्चिमेला हा भाग आहे, नावाचा अर्थ छोटं घर, "दार"वरून. इथं समुद्रात उभी एक प्रचंड नैसर्गिक कमान होती, सुमारे २८ मीटर उंच, तिची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. ८ मार्च २०१७ रोजी वादळात ती कोसळली. आता काठावर उभं राहिलं तर मोकळं आभाळ दिसतं. पण पाण्याखाली ती आहे, घराएवढ्या धोंड्यांच्या ढिगात. फुटलेल्या कडा अजून कोऱ्या वाटतात, त्यांवर शेवाळाचा हिरवा-तपकिरी थर चढायला लागलाय आणि माशांनी तर घरं मांडून टाकलीत. त्याच्या शेजारी ब्लू होल. खडकातली दहाएक मीटर रुंदीची विहीरच, वरून उघडी. तिच्यात उतरायचं, सात-आठ मीटरवर भिंतीत एक कमान लागते, तिच्यातून बाहेर पडलं की एकदम खुला समुद्र. आतून बाहेर बघताना कमानीपलीकडचा निळा रंग असा भरून येतो की आमच्यापैकी एकाने तोंडातल्या नळीतूनच "सुबहानल्लाह" म्हटलं. दुसऱ्याला ते बुडबुड्यांसारखं ऐकू आलं, पण कळलं.

खरी परीक्षा होती ती आतल्या समुद्राची. द्वेराच्या मागे कड्यांनी वेढलेलं एक छोटं तळं आहे, गावातली मुलं त्यात डुंबतात. हे तळं समुद्राला जोडलेलं आहे कड्याच्या पोटातून गेलेल्या बोगद्याने, सुमारे ८० मीटर लांबीच्या. वरून पर्यटकांच्या होड्या जातात, म्हणून मधेच वर यायचं नाही. तळाशी धरून पलीकडं जायचं. सुरुवातीला उथळ, मग खाली खाली, आणि पलीकडच्या तोंडाशी २० मीटरहून जास्त. मध्यावर अंधार. मागचं तोंड हिरवट, पुढचं तोंड एक निळी उभी चीर, आणि दोहोंच्या मधे तुमच्या बॅटरीचा झोत पडेल तेवढंच जग.

तिथं आमच्यापैकी एक जण थांबला. कोण, ते सांगणार नाही, घरात तसा करार झालाय. श्वास भराभर चालू झाला होता, बुडबुडे छताला लागून पाऱ्यासारखे पसरत होते, आणि हवेचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. पाण्याखाली भीतीचा हिशेब असा रोकडा असतो. या खेळात एक चांगला रिवाज आहे : कुणीही, कधीही, कारण न सांगता अंगठा वर करू शकतो. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे झकास. पाण्याखाली त्याचा अर्थ "मला परत जायचंय", आणि त्यावर वाद घालायचा नसतो. तो अंगठा अर्धा वर आला होता. दुसऱ्याने हात धरला. ओढला नाही, नुसता धरला. गाइडने झोत स्वतःच्या छातीवर टाकला आणि हाताने दाखवलं, श्वास, सावकाश, आत, बाहेर.

हजरत यूनुस (अ.) माशाच्या पोटात होते तेव्हाची दुआ लहानपणी दादींनी पाठ करून घेतली होती. परीक्षेला जाताना, दवाखान्यात, अडीअडचणीला ती आम्ही शेकडो वेळा पढलो असू. रात्रीचा अंधार, समुद्राचा अंधार, माशाच्या पोटाचा अंधार, असे तीन अंधार मौलाना समजावून सांगत. त्या बोगद्यात ती दुआ मनात सुरू झाली ती आपोआप, आणि दोघांच्याही, हे वर आल्यावर कळलं. ती पढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच एक सावकाश श्वास होतो. चार-पाच वेळा झाली आणि काटा स्थिर झाला. अंगठा खाली आला. मग बॅटरी भिंतीवर फिरवली, तर भिंत काळी नव्हतीच. पाणी लाल रंग वरच्यावर गिळून टाकतं, म्हणून तिथं सगळं निळं-काळं दिसतं. झोत पडताच नारिंगी स्पंज, पिवळ्या फुलांसारखे बारीक प्राणी, गुलाबी शेवाळाचे थर, सगळी भिंत उजळली. त्या अंधारात हे रंग कुणासाठी मांडून ठेवलेत, असा प्रश्न आम्हाला पडला.

शत्त लाहमरच्या कोवात दोन जुन्या प्रवासी बोटी आहेत. २००६ च्या ऑगस्टमध्ये त्या मुद्दाम बुडवल्या, डायव्हिंगला येणाऱ्यांसाठी आणि माशांना आसरा म्हणून. तेल, काचा, तारा सगळं आधी काढून घेतलेलं. वाळूवर त्या सरळ उभ्या आहेत, तळ ४० मीटरवर, म्हणून आम्हाला वरच्या डेकपर्यंतच जाता आलं. हे डाइव्ह आम्ही यादीत ठेवताना एकमेकांना काही बोललो नव्हतो. बोटीच्या नावाशी आजोबांचा संबंध नाही, या समुद्राशी असेल-नसेल, माहीत नाही. पण जहाज पाण्याखाली कसं दिसतं हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून बघायचं होतं, एवढं खरं.

वरून उतरताना आधी काहीच दिसत नाही. मग निळ्यात एक गडद आकार, मग कठडा, मग जिना. खालच्या मजल्यावर जाणारा अख्खा जिना, पायऱ्यांसकट, आणि त्यावरून माशांची रांग चाललेली. एवढ्या खोलीवर आम्हाला मिळाली जेमतेम दहा मिनिटं. कठड्याला हात न लावता त्याच्या बाजूने गेलो. आवाज म्हणाल तर आपल्या श्वासाचा. खाली वाळू पांढरी, स्वच्छ, तिच्यावर पाण्याच्या बारीक सुरकुत्या. वर यायची वेळ झाली, पाच मीटरवर थांबलो, आणि ती तीन मिनिटं आम्ही दोघं खालीच बघत होतो.

शेवटचा दिवस कोरडा. डाइव्ह करून लगेच विमानात बसता येत नाही, रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला निदान १८ तास लागतात. म्हणून वर किल्ल्यावर गेलो. शहराचं सरकारी नाव व्हिक्टोरिया, १८८७ साली राणीच्या नावाने ठेवलेलं, पण गावकरी अजून जुन्या अरबी नावाने रबातच म्हणतात. किल्ल्याच्या तटावरून सगळं बेट दिसतं. १५५१ मध्ये तुर्की आरमार इथं आलं, सिनान पाशा आणि तुर्गुत रईस यांचं. किल्ला पडला आणि बेटावरची जवळपास सगळी माणसं, पाचेक हजार, गुलाम करून नेली. घरमालकीणबाईंनी आम्हाला हे सकाळी चहा देताना सांगितलं, अगदी काल घडल्यासारखं, आणि मग आम्ही कोण ते आठवून थोड्या अवघडल्या. आम्ही म्हटलं, सांगा, ऐकायचंय. माल्टाच्या सरदारांच्या गुलामखान्यातही हजारो मुसलमान होते, तो इतिहास आम्ही वाचला होता, पण त्या चहाच्या टेबलावर तो काढला नाही. ज्याचं माणूस समुद्राने नेलं, त्याला हिशेब दाखवायचा नसतो, हे आम्ही घरात शिकलो आहोत.

किल्ल्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात एक संगमरवरी फरशी आहे. पाठीमागे रोमन नक्षी, म्हणजे जुना दगड उलटून वापरलेला. पुढं कूफी अक्षरांत कोरीव लेख. मैमूना, हस्सानची मुलगी, हिच्या कबरीचा हा दगड. वफात शाबान ५६९ हिजरी, म्हणजे सन ११७४. तेव्हा बेटावर राज्य ख्रिस्ती राजाचं होतं आणि तरी मैमूनासाठी असा दगड कोरला गेला होता. कूफी वाचायला अवघड, पण अल्लाहचं नाव सापडलं, मग मैमूना सापडलं. बाजूच्या पाटीवर भाषांतर आहे. लेखात ती दगडाकडे बघणाऱ्याशी बोलते. आम्ही तिथं उभं राहून फातिहा पढली. राखण करणारी बाई दारातून बघत होती. आमचं झाल्यावर म्हणाली, "मैमूना आमची आहे बरं का, तिला सगळे ओळखतात."

त्या रात्री रत्नागिरीला फोन केला. दोघे वडील एकाच घरात राहतात, वरचा मजला आणि खालचा. फोन स्पीकरवर होता. मैमूनाच्या दगडाचं सांगितलं, साडेआठशे वर्षांचा आहे म्हणालो. "माशाअल्लाह," थोरले म्हणाले. मग बोगद्याचं वगळून बाकीचं सांगितलं. बोटीचं सांगितलं.

थोडा वेळ दोन्हीकडून कुणी बोललं नाही. मग धाकट्यांनी विचारलं, "तळ दिसतो का रे तिथून?"

दिसतो, म्हटलं.

"कसा असतो?"

पांढरी वाळू आहे, चाचा, स्वच्छ. मासे असतात. लाटांचा आवाज खालपर्यंत येत नाही.

"थंड असतं?"

फार नाही.

"बरं," ते म्हणाले. आणि मग थोरल्यांना, फोनपासून तोंड वळवून : "ऐकलंस ना? फार थंड नसतं म्हणतात."